धमनी आणि पाट

मोठी, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू मला तुझ्या शाळेतल्या प्रकल्पाबद्दल विचारलं होतंस. वर्तमानपत्रात जे मत मांडणारे लेख येतात, ते उपमा-रूपकं वापरून वाचकाला आपल्या बाजूला कसे ओढतात, याचं एक उदाहरण तुला हवं होतं. तुझा भाऊ मागून ओरडला, "आजीकडे त्याची फाइल असेल." फाइल आहेच. निळी, फीत असलेली, कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते तेव्हापासून लाल पेन्सिल घेऊन पेपर वाचायची सवय आहे, आणि बरं-वाईट जे सापडेल ते कापून ठेवायचीही.

मी तुला कांद्याचं उदाहरण दिलं. इथून तासाभरावर लासलगावला कांद्याचा लिलाव होतो. तिथे भाव वाढले की शहरातल्या लेखांमध्ये "कांदा भडकला" असं येतं. भडकते ती आग. आग म्हटली की ती विझवायला हवी, हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि भाव उतरले की "कांदा घसरला", "कोसळला". म्हणजे कोणी काही केलं नाही, आपोआप झालं. भडकला म्हणणाऱ्याच्या हातात बाजाराची पिशवी असते. ट्रॅक्टरवर बसून लिलावाला आलेला माणूस त्याच दिवसाला सुगीचा दिवस म्हणेल. मत कुठे दिलंय ते दिसतही नाही, आणि वाचकाने ते घेतलेलं असतं. तुला हे आवडलं. तुझ्या बाईंनाही आवडलं म्हणालीस.

पण ते उदाहरण दुसऱ्यांचं होतं. फाइलमधल्या पहिल्याच प्लास्टिकच्या पाकिटात जे कात्रण आहे ते माझं स्वतःचं आहे, आणि ते मी तुला दाखवलं नाही. आज आजोबा दुपारचे झोपले आहेत, तोवर लिहायला बसले आहे. सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा.

आमच्या सोसायटीच्या फाटकातून उजवीकडे वळलं की मुख्य रस्त्याकडे जाणारा रस्ता लागतो. तुम्ही आला होतात तेव्हा तिथेच धाकट्याने अर्धा किलो वाटाणे सोलून कच्चेच खाल्ले होते. या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ भाजीवाल्या बसायच्या. त्यातल्या एका मावशींकडून मी वीसेक वर्षं भाजी घेते. त्या माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आहेत, पण भाजीवालीला मावशी म्हणायची पद्धत, म्हणून मी मावशी म्हणते. मी शिकवत होते हे त्यांना कळल्यापासून त्या मला बाई म्हणतात. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा छोटा मळा आहे. मेथी, पालक, कोथिंबीर, आणि दसऱ्याच्या आधी झेंडू. मुलगा टेम्पो चालवतो. मळा मावशी आणि सून मिळून बघतात.

आमचा एक रिवाज होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी घरातली रद्दी रद्दीवाल्याला न देता मावशींना द्यायची, भाजी बांधायला. आता सगळे पिशव्या वापरतात, पण मावशींचं म्हणणं, कोथिंबीर कागदातच ताजी राहते. मी पेपर तारखेप्रमाणे लावून, कडा जुळवून, सुतळीने बांधून द्यायची. त्या गठ्ठा उचलताना दर वेळी म्हणायच्या, "बाई, एवढं नीट कशाला? मेथीला तारीख नाय कळत."

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका संध्याकाळी आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. तुम्हाला हे तेव्हा सांगितलं नव्हतं, नंतर सांगितलं. शेजारच्यांनी गाडी काढली. मी मागच्या सीटवर आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. फाटकातून वळलो आणि गाडी थांबली. पुढे रस्ता बंद होता. किती वेळ थांबलो होतो, मला सांगता येणार नाही. खिडकीतून मला फक्त टोपल्या दिसत होत्या. टोमॅटो, कैऱ्या, कोथिंबिरीच्या जुड्या. आजोबांचा घाम माझ्या पदराला लागत होता आणि मी त्या टोपल्यांकडे बघत होते. मग केव्हातरी गाडी हलली.

आजोबा वाचले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर त्यांची धमनी दाखवली. एका जागी ती सुईच्या नेढ्याएवढी बारीक झाली होती. "हे एका दिवसात होत नाही," ते म्हणाले. "थर साचत जातो. दुखत नाही म्हणून कळत नाही." मग फुगा घालून ती रुंद केली, आत जाळी बसवली. पडद्यावर रक्त पुन्हा धावलं ते मी स्वतः पाहिलं.

आजोबा घरी आल्यावर तीन आठवड्यांनी मी लेख लिहिला. इथल्या एका दैनिकात मी अधूनमधून लिहायची. शीर्षक त्यांनी दिलं, "शहराच्या धमन्या तुंबल्या आहेत", पण शब्द माझेच होते. रस्ता ही शहराची धमनी. तिच्या कडेला आधी एक टोपली बसते, मग दुसरी, मग हातगाडी. थर साचत जातो. दुखत नाही म्हणून कळत नाही. एक दिवस गाठ अडकते आणि शहराला झटका येतो. तेव्हा मलमपट्टी पुरत नाही, ऑपरेशनच लागतं, फुगा घालून धमनी मोकळी करावी लागते. मी तो लेख एका बैठकीत लिहिला. इतकं सरळ मला आयुष्यात कधी लिहिता आलं नव्हतं. सगळं आपोआप जागेवर बसत गेलं, आणि तेच मला तेव्हा चांगल्या लेखाचं लक्षण वाटलं.

आजोबांनी चहा पिता पिता वाचला.

"माझी धमनी तू गावभर केलीस," ते म्हणाले.

"नाव कुठे घातलंय तुमचं?"

"नाव नाही, पण आतून पाहिलीय सगळ्यांनी." मग पेपर घडी करत म्हणाले, "छान लिहिलंयस. पण यात माणसं कुठे गेली गं?"

मी म्हटलं, लेख वाहतुकीबद्दल आहे.

फोन आले. फिरायला येणाऱ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सोसायटीच्या अध्यक्षांनी लेखाच्या झेरॉक्स काढल्या, निवेदनाला जोडल्या, आजूबाजूच्या सात-आठ सोसायट्यांच्या सह्या घेतल्या. मी त्या दिवशी पेपरच्या पाच प्रती आणल्या होत्या. एक कापून फाइलला लावली, एक तुमच्या आईसाठी ठेवली, आणि उरलेल्या तीन, सवयीप्रमाणे, तारखेच्या जागी, गठ्ठ्यात. महिन्याच्या पहिल्या रविवारी गठ्ठा मावशींना दिला. तो उचलताना त्यांनी आजोबांची चौकशी केली, पालकाची एक जुडी जास्तीची टाकली. "साहेबांना द्या, रक्ताला चांगली." मी ती घेतली. खरं सांगते, मला त्या वेळी काहीही जाणवलं नाही. लेखातल्या टोपल्या वेगळ्या होत्या आणि मावशींची टोपली वेगळी होती.

पावसाळा संपत आला तेव्हा एका सकाळी महापालिकेची अतिक्रमणाची गाडी आली. मी भाजीला गेले तर रस्ता रिकामा. रुंद, स्वच्छ, ओला. फुटपाथच्या कडेला दोन-तीन चिरडलेली वांगी. पानवाला म्हणाला, "मॅडम, झालं ऑपरेशन." माझाच शब्द, तो मला परत देत होता. भाजीवाल्यांना पलीकडे नव्या भाजी मंडईत जागा दिली होती, पण ती इथून लांब, आणि तिथे आमचं कोणी जात नव्हतं. आम्ही मोबाइलवरून भाजी मागवायला लागलो. ती येते, चकचकीत असते, मुळं कापलेली असतात.

आठ दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात मावशी आणि त्यांची सून. सून खाली स्कूटी लावून आली होती. मावशी जिने चढून आल्यामुळे दम खात होत्या. लिफ्टमध्ये त्या कधी चढत नाहीत. मी पाणी दिलं. त्या खुर्चीवर न बसता नेहमीसारख्या दारापाशी जमिनीवरच बसल्या.

"मंडईत एक जुडी खपत नाय, बाई," त्या म्हणाल्या. "आता टोपली घेऊन दारोदार फिरू राहिले. पण गुडघे नाय म्हणतात. चार जिने झाले की बसावं लागतं."

"काय करायचं मग?"

"तेच सांगाया आले. तुम्ही लिवा."

"काय लिहू?"

त्यांनी कमरेची चंची काढली. पैशांच्या मागे प्लास्टिकमध्ये घडी करून ठेवलेलं एक चौकोनी कात्रण होतं. माझा फोटो. लेखाच्या डोक्यावर छापतात तो, पोस्टाच्या तिकिटाएवढा. "तुम्ही दिलेल्या गठ्ठ्यात तीनदा निघाला," त्या म्हणाल्या. "मी हिला म्हनलं, आपल्या बाई पेपरात आल्या, वाच काय लिवलंय. ही म्हनली, भाजीवाल्यांवर लिवलंय. मी म्हनलं, बघ, आपल्यावर लिवणारं कोनी हाय. तवापासून हितं ठेवलाय. आता परत एकदा लिवा. तुमचं ऐकतात लोक."

सून लादीकडे बघत होती. बारावी झालेली मुलगी आहे, वाचणारी. तिने एकदाच मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तिने सगळा लेख वाचला होता, आणि सासूला फक्त दोन शब्द सांगितले होते. खोटा त्यात एकही नव्हता.

मी "बघते" म्हटलं. त्या गेल्यावर फाइल काढली, लाल पेन्सिल घेतली आणि माझाच लेख विद्यार्थिनीचा निबंध तपासावा तसा तपासला. धमनी, थर, गाठ, झटका, फुगा, ऑपरेशन. प्रत्येकाभोवती गोल. पान लाल झालं. मग आजोबांनी विचारलेलं आठवलं आणि मी माणूस शोधला. बाई, मावशी, विकणारी, कोणीतरी. एकही नव्हती. टोपल्या आपापल्या पायांनी येऊन बसत होत्या. आजारी धमनी म्हटल्यावर वाचकाला एकच प्रश्न उरतो, ऑपरेशन कधी. गाठीचं काय होणार, ती कुठे जाईल, तिचे गुडघे दुखतात का, असं कोणी विचारत नाही. मी हे वर्षानुवर्षं मुलींना फळ्यावर लिहून दाखवलं होतं. दुसऱ्यांचे लेख घेऊन.

दोन दिवस मी मावशींना काय सांगायचं ते ठरवत होते. न सांगताही चाललं असतं. सून बोलणार नव्हती. मी दुसरा लेख लिहिला असता, चंचीत दुसरा फोटो गेला असता, आणि वीस वर्षांचं आमचं तसंच राहिलं असतं. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "मला विचारू नकोस, मी तर तुझा पुरावा आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "रिक्षाने जा. येताना कोथिंबीर आण, त्या मोबाइलवाल्याची गवतासारखी लागते."

सकाळीच गेले. मळा शोधायला वेळ लागला, कारण दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि मधे एकदम हिरवं. मावशी बांधावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सून पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात फावडं घेऊन पाण्यात उभी होती. मेथीला पाणी चाललं होतं. झेंडूला त्यांच्याकडे ठिबक आहे, पण मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांना अजून पाटानेच, मातीच्या उथळ चरीतून, पाणी देतात.

मी बांधावर बसले. साडीला माती लागेल म्हणून मावशींनी पोतं टाकलं. मी कात्रण आणलं होतं. सगळं वाचून दाखवलं, शीर्षकापासून शेवटपर्यंत. आवाज वर्गातला लागला, दुसरा येत नव्हता.

मावशींनी जुडी बांधणं थांबवलं नाही. वाचून झाल्यावर विचारलं, "म्हंजे रस्ता ही रक्ताची नळी."

"हो."

"आन् त्यात मी कोन?"

मी म्हटलं, "साचलेली चरबी."

त्यांनी स्वतःच्या काटकुळ्या मनगटाकडे पाहिलं. "चरबी," त्या म्हणाल्या. "अंगावर कधी धरली नाय, पेपरात धरली."

सून हसली, मग हसू दाबलं. मला हसता आलं नाही. मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. गाडी आली ती या लेखाने आली असं नाही, पण त्यानेही आली. सगळ्या सह्यांच्या वर तो जोडला होता."

त्या जुड्या बांधत राहिल्या. तीन जुड्या झाल्या.

"साहेबांना नेलं तवा मी व्हते तिथं," त्या म्हणाल्या. "तुमाला दिसले नसेल. टोपल्या आमी उचलल्या व्हत्या बाई, डोळ्याची पापणी लवायच्या आत. पुढं पांढरी मोटार उभी व्हती, आडवी. तिचा मालक पलीकडं आंबे निवडीत व्हता, एकेक हुंगून. मी जाऊन त्याच्या हातातला आंबा काढून घेतला, म्हनलं आधी मोटार काढ. टोपली उचलता येती. मोटार कशी उचलायची?"

माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली. टोपल्या दिसत होत्या, कारण त्या वर होत्या, बायकांच्या कमरांवर. खिडकीच्या उंचीला. टोपल्या उचललेल्या बायका मी रोज पाहत आले होते आणि त्या संध्याकाळी पाहिल्या नव्हत्या. नंतर लेख लिहिताना त्या मी पुन्हा रस्त्यावर नेऊन बसवल्या, कारण साचलेला थर उचलून बाजूला होत नाही.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी विचारलं कुठं? आन् सांगायचं काय त्यात, माणूस वाचला ना."

सूनबाईने एका वाफ्याचं तोंड फावड्याने मातीचा गोळा टाकून बंद केलं आणि पुढच्याचं उघडलं. पाणी वळलं. ती म्हणाली, "मॅडम, नळी कशाला म्हटलंत? रस्ता पाटासारखा असतो."

"कसा?"

"पाटाचं पाणी सरळ पळालं तर शेवटच्या टोकाला डबकं होतं आणि मधले वाफे कोरडे. थांबवत, वळवत न्यावं लागतं. एकेका वाफ्यात मुरू द्यावं लागतं. रस्त्यावर माणूस थांबतो, भाजी घेतो, बोलतो, मगच तो रस्ता कोणाच्या कामाचा."

"आन् एकाच वाफ्यात सोडून झोप काढली," मावशी म्हणाल्या, "तर पुढचे मरतात, ते पन सांग. नायतर बाई तेवढंच लिवतील."

मी त्या बांधावर बसून दहा मिनिटांत दोघींकडून जे शिकले, ते मला चार वेळा वाचलेल्या पुस्तकांतूनही इतकं नीट समजलं नव्हतं. धमनी हा काही खोटा शब्द नाही. ज्याला लवकर पोचायचं आहे त्याच्यासाठी रस्ता धमनीच असतो, आणि त्या संध्याकाळी मला पोचायचंच होतं. पण मी माझी एक संध्याकाळ सगळ्या शहराला पांघरली.

येताना मावशींनी कोथिंबीर दिली. पैसे घेतले. ते घेतले म्हणून मला हलकं वाटलं. चंचीतला फोटो मी परत मागितला नाही आणि त्यांनी काढून टाकला की ठेवला, तेही विचारलं नाही.

दुसरा लेख मी दिवाळीच्या सुमाराला पाठवला. त्यात पाट होता, वाफे होते, पांढरी मोटार होती आणि पहिला लेख माझाच असल्याची कबुली होती. पेपरवाल्यांनी तो वाचकांच्या पत्रांमध्ये छापला, निम्मा. कबुली गेली, मोटार गेली. पाट राहिला. फोन आला तो एकच, आणि त्या बाईंनी विचारलं, "मग पेशंटला उशीर झाला तर?" त्यांचा प्रश्न योग्य होता. मी त्यांना म्हटलं, हो, त्याचंही बघायला हवं.

मग मी सोसायटीच्या सभेत विषय मांडला. आपल्या कुंपणाच्या आतल्या बाजूला, फाटकाजवळ, दोन मोटारी मावतील एवढी रिकामी पट्टी आहे. सकाळी तीन तास मावशींना तिथे बसू द्यावं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आधी ऑपरेशन तुम्हीच सांगितलंत. आता पेशंटच्या बाजूने बोलता?"

"गाठीच्या बाजूने," मी म्हटलं. लोक हसले.

माझ्याकडे टिपण होतं. मी पाटापासून सुरुवात केली आणि पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मान डोलवायला लागले. ती मान मला ओळखीची होती. वाक्य आवडलं की वर्गात अशी हलायची. धमनीच्या लेखालाही फिरायच्या मंडळीत अशाच माना हलल्या होत्या. मी टिपण खाली ठेवलं. मावशींचं नाव सांगितलं, आडनावासह, कारण वीस वर्षं भाजी घेऊन त्या सभेतल्या कोणालाच ते माहीत नव्हतं. त्या पहाटे किती वाजता उठतात, गुडघे कसे आहेत, आणि त्या संध्याकाळी आंबा कोणी हिसकावला, एवढंच सांगितलं. आजोबा मागच्या रांगेतून म्हणाले, "मी त्यातला पेशंट. माझी हरकत नाही."

थोडी कुरकुर झाली. कचरा कोण काढणार, उद्या दुसऱ्या येतील, वगैरे. शेवटी तीन महिने बघू असं ठरलं. त्याला आता वर्ष होऊन गेलं. बाकीच्या भाजीवाल्यांना जागा मिळाली नाही, हेही लिहायला हवं. दोघी मंडईत बसतात, बाकीच्या कुठे गेल्या मला माहीत नाही. मी त्यांच्याकडून भाजी घेत नव्हते, म्हणून त्यांची नावंही मला माहीत नाहीत. रस्ता अजून रुंद आहे आणि त्याच्या दोन्ही कडांना मोटारी उभ्या असतात.

मावशींना सभेतलं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव सांगितलं ते ठीक. पेपरात नका घालू. एकदा छापलं की अतिक्रमणाचे गाडीवाले त्याच नावाने हाक मारतील." म्हणून इथेही घातलेलं नाही.

गठ्ठा अजून पहिल्या रविवारी जातो. आता त्याच्याबरोबर मी सुनेला एक लाल पेन्सिल दिली आहे. तिला म्हटलं, फाडायच्या आधी मधलं, लेखांचं पान वाचत जा, आणि जिथे एक वस्तू दुसरीच म्हणून सांगितलीय तिथे गोल कर. ती करते. माझी मेथी कधी कधी लाल गोल केलेल्या पानात येते. सुरुवातीला ती प्रत्येक विशेषणाभोवती गोल करायची. आता चुका थोड्या होतात. गेल्या महिन्यात "भडकला" भोवती गोल होता, मी काही सांगितलेलं नसताना.

काल कोथिंबीर आली ती जुन्या पानात. वर्षापूर्वीचं पत्रांचं पान, माझं पत्र असलेलं. तिने ते जपून ठेवलं असावं, कारण त्या महिन्याची रद्दी कधीच संपली आहे. "पाट" या शब्दाभोवती लाल गोल होता, आणि समासात तिच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: मॅडम, दारं कोण धरतं ते राहिलं.

दारं धरणं म्हणजे फावडं घेऊन पाण्यात उभं राहायचं, कोणत्या वाफ्याचं तोंड उघडायचं आणि कोणाचं बंद ठेवायचं ते ठरवायचं. ती त्या सकाळी माझ्यासमोर तेच करत होती. मी पाट लिहिला, वाफे लिहिले, पाणी लिहिलं. फावडं धरलेला हात लिहिला नाही. माझ्या पत्रात पाणी आपोआपच वळत होतं, जशा पहिल्या लेखात टोपल्या आपोआप येऊन बसल्या होत्या.

कागद थोडा ओला होता. मी तो पंख्याखाली वाळवला, कडा सरळ केल्या आणि निळ्या फाइलमध्ये पहिल्या कात्रणाच्या शेजारी लावला. दोन्हींचे फोटो या पत्राच्या पाकिटात आहेत. तुझा प्रकल्प देऊन झालाय हे मला माहीत आहे. तरी बाईंना दाखव, आणि समासातलं वाक्य इंग्रजीत कसं सांगशील ते मला कळव. मी काल संध्याकाळपासून प्रयत्न करते आहे, मला ते जमलेलं नाही.